निळी रेघ

कॅनडा कॉर्नरला गेले तेव्हा पोरगा हसला.
म्हणाला, काकू, कॅनडा तर इथेच आहे,
तुम्हाला कुठला हवाय?
पाटीवर नाव : इरफान काझी, सहली व व्हिसा.

मी म्हटलं, डोंगर हवा. बर्फाचा.
उंच नसला तरी चालेल. लांब हवा.

त्याने नकाशे उलगडले,
पांढऱ्या डोंगरांच्या अंगावर रंगीत शिरा.
आधी काळ्या दाखवल्या :
हा सरळ कडा बघा, लोक ह्याच्यासाठीच जातात.
मी म्हटलं, बाळा, नोटांच्या कारखान्यात
बत्तीस वर्षं भिंगाखाली रेघाच बघितल्यात,
कुठली कुठे तुटते ते मला कळतं.
निळ्या दाखव.

निळ्या रेघांना घाई नसते.
झाडीत शिरतात, बराच वेळ दिसत नाहीत,
मग एखाद्या तळ्याला वळसा घालतात उगाच,
माहेरच्या गल्लीतून जाताना
चार दारांशी थांबावं तशा.

त्याला कळेना, काकूंना ह्यात काय मिळणार.
मग सांगितलं.
पहाटे अंजनेरीपासून सायकल सोडायची.
तळेगाव, महिरावणी, बेळगाव ढगा,
पाय पेडलवर नुसते ठेवलेले.
उतार आहे हे डोळ्याला दिसत नाही,
फक्त चाकाला ठाऊक असतं.
डोंगर सोबत येतात, एकेक करून मागे राहतात,
आणि सातपूरचा भोंगा कानावर पडेस्तोवर
मी कुणाचीच कुणी नसते.
तसं हवंय. पांढरं.

औलीला शिकले, छप्पन्नाव्या वर्षी,
पद्मजा दांडेकर आणि मी.
पद्मजा पहिल्याच दिवशी बर्फात बसली ती बसलीच.
उठवू नका, म्हणाली, इथून सगळं छान दिसतंय.
आता तिचा गुडघा नवा आहे, भीती जुनीच. ती येणार नाही.
मी घसरले, उठले, घसरले,
आणि चौथ्या दिवशी कुठे मांड्या सैल पडल्या
तर उतार संपला.
खाली चहावाला उभा. एवढंच?
तेव्हापासून लांब म्हणतेय.

नकाशे घरी आणले. कपाटातलं भिंग काढलं.
झाडं म्हणजे हिरव्या शाईची टिंबं,
छपाई बरी, एका जागी रंग किंचित सरकलेला.

रात्री निफाडहून रंगनाथचा फोन.
पारा साडेचारवर आलाय, म्हणाला,
बागेत शेकोट्या पेटवल्यात, धुरात उभा आहे.
इथे घडात साखर भरायची वेळ,
आणि ताईसाहेब पैसे मोजून थंडी आणायला निघाल्या!
मी काय बोलणार?
बोट निळ्या रेघेवर तसंच राहिलं.

मग त्यानेच विचारलं, केवढी आहे म्हणतेस?
नऊ किलोमीटर.
नऊ! म्हणजे मळ्यापासून पार चांदोरीच्या पुलापर्यंत?
न थांबता? फुकट?
फुकट नाही रे. पण न थांबता.
फोनमध्ये एक ओंडका तडकला.
बराच वेळ नुसता धूर ऐकू आला.
माल मार्चअखेर उतरतो, तो म्हणाला,
खरड छाटणीआधी आठेक दिवस तसा मोकळाच असतो मी.
म्हणाला असा, की हवेबद्दलच बोलतोय.

सकाळी परत कॅनडा कॉर्नर.
इरफानने काळ्या रेघा आपणहून दुमडून ठेवल्या होत्या.
मी म्हटलं, थांब, प्रश्न बदललाय.
लांब हवाच, निळी हवीच, तळं असलं तर उत्तम,
पण आधी हे बघ,
एप्रिल उजाडला तरी
बर्फ कुठल्या डोंगरावर थांबतो.

किती जण, त्याने विचारलं.
दोन, मी म्हटलं.
एकाला काहीच येत नाही.